युनिव्हर्सिटीची सेंट्रल लायब्ररी, पॉलिटिकल सायन्सच्या रिसर्चसाठी: पुस्तकांना ठीक, सरकारी अहवालांना जबरदस्त

पॉलिटिकल सायन्समध्ये एमएचं डिझर्टेशन किंवा पीएचडी करणारे बरेच जण विचारतात की युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाऊन खरंच काही मिळतं का, की आता सगळं ऑनलाईनच आहे, तर म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. माझा विषय जिल्हा परिषदेतल्या महिला सदस्या आणि आरक्षण असा आहे, त्यामुळे मला पुस्तकं लागली, जर्नल्स लागली, कायदे लागले, संसदेतल्या चर्चा लागल्या आणि सगळ्यात जास्त लागले ते जुने सरकारी अहवाल. लायब्ररी म्हणजे महाराष्ट्रातल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीची सेंट्रल लायब्ररी, नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मित्रमैत्रिणींशी बोलून कळतं की बाकी ठिकाणीही चित्र थोड्याफार फरकाने हेच आहे.

निकाल आधीच सांगते. नवीन पुस्तकांसाठी ठीकठाक. ई-जर्नल्ससाठी चांगली, पण कॅम्पसवर बसूनच. आणि समित्यांचे अहवाल, गॅझेटियर, सेन्ससची जिल्हावार पुस्तकं, जर्नल्सचे जुने बाउंड व्हॉल्यूम यासाठी एकदम जबरदस्त, फक्त ते आहेत हे लायब्ररीच्याच कॉम्प्युटरला माहीत नाहीये.

आधी पुस्तकांचं. आमच्याकडे डेव्हीचे नंबर आहेत, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायची दशांश पद्धत, त्यात राज्यशास्त्र ३२० ला सुरू होतं आणि बहुतेक मुलं ३२० च्या रॅकसमोर उभी राहतात, तिथे राजकीय सिद्धांताची आणि भारतीय राजकारणाची तीच ती पुस्तकं दिसतात आणि मग म्हणतात की काही नाहीये लायब्ररीत. पण राज्यशास्त्र एका रॅकमध्ये मावतच नाही हो. निवडणुका आणि पक्ष ३२४ ला, आंतरराष्ट्रीय संबंध ३२७ ला, संसद आणि विधिमंडळं ३२८ ला, राज्यघटना ३४२ ला म्हणजे पार कायद्याच्या बाजूला, जातीवरचं सगळं ३०५ मध्ये समाजशास्त्रवाल्यांकडे. माझ्या विषयाचंच बघा, स्थानिक स्वराज्य संस्थांची पुस्तकं ३२०.८ ला पण आहेत आणि ३५२ ला पण आहेत, ग्रामीण समाज ३०७ ला, स्त्रिया ३०५.४ ला, आणि एवढ्या सगळ्या नंबरांमध्ये एक पूर्ण मजल्याचं अंतर आहे. त्यात डेव्हीची नवीन आवृत्ती आली की नंबर बदलतात पण जुन्या पुस्तकांच्या पाठीवरचं लेबल कोण बदलत बसणार, म्हणून एकाच विषयाचं साठच्या दशकातलं पुस्तक एकीकडे आणि दोन हजारनंतरचं दुसरीकडे. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एक कामाचं पुस्तक मिळालं की त्याचा नंबर घ्यायचा आणि त्या रॅकवर डावीउजवीकडे हातभर अंतरातलं सगळं काढून बघायचं. कॅटलॉगमध्ये कधीच दिसली नसती अशी पुस्तकं मला अशीच मिळाली आहेत. आमच्याकडे रिसर्च स्टुडंटला स्टॅकमध्ये आत सोडतात, ही गोष्ट मी या लायब्ररीच्या बाजूने सगळ्यात मोठी धरते, कारण काही ठिकाणी अजूनही चिठ्ठी लिहून द्यायची आणि काउंटरवर वाट बघत बसायचं अशी पद्धत आहे आणि त्यात शोध घेणं म्हणून काही होतच नाही.

आता अहवाल, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं.

महाराष्ट्रातल्या पंचायत राजवर काम करायचं म्हटलं की वसंतराव नाईक समितीशिवाय पुढे जाता येत नाही. समिती १९६० ची, अहवाल १९६१ चा, त्यावरून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. म्हणजे पाया आहे हा. आणि ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉगमध्ये, नाईक समिती टाइप केलं तर या अहवालावर इतरांनी लिहिलेली पुस्तकं येतात, अहवाल येत नाही. पंचायत राज टाइप केलं तरी येत नाही. कारण अहवालाच्या मुखपृष्ठावर यातला एकही शब्द नाहीये, त्याचं नाव आहे रिपोर्ट ऑफ द कमिटी ऑन डेमोक्रॅटिक डिसेंट्रलायझेशन, आणि लायब्ररीच्या नियमाप्रमाणे लेखक म्हणून अध्यक्षांचं नाव न लागता शासनाचं आणि त्या खात्याचं लागतं, आणि खातंही तेव्हाचं, म्हणजे सहकार आणि ग्रामविकास एकत्र असतानाचं.

हे एकदा डोक्यात बसलं ना की सगळी लायब्ररी वेगळी दिसायला लागते. आपल्या विषयात सर्च करताना माझा विषय काय आहे यापेक्षा हा कागद कोणी छापला असेल, कोणत्या वर्षी आणि तेव्हा त्या ऑफिसचं नाव काय होतं, हे विचारायचं. मी तर आता प्रत्येक नवीन मुद्द्याला वहीत आधी हेच लिहिते. नाईक समितीनंतर बोंगिरवार समितीचा अहवाल १९७१ चा, त्यावर नाव आहे इव्हॅल्युएशन कमिटी ऑन पंचायती राज, मग प्रा. पी. बी. पाटील समितीचा १९८६ चा, आणि केंद्राच्या बाजूने बलवंतराय मेहता १९५७ आणि अशोक मेहता १९७८. या सगळ्यांना आपण बोलताना अध्यक्षांच्या नावाने ओळखतो आणि कॅटलॉग त्यांना तसं ओळखत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जुने अहवाल आमच्या ओपॅकमध्ये पूर्ण चढलेलेच नाहीत. कॅटलॉग कॉम्प्युटरवर घेताना बहुतेक लायब्रऱ्यांनी आधी नेहमी इश्यू होणारी पुस्तकं घेतली आणि सरकारी प्रकाशनं नंतर बघू म्हणून राहिली, ती राहिलीच. मला हे रेफरन्स सेक्शनच्या मॅडमनी सांगितलं. मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं की बघा काहीच येत नाहीये, त्या म्हणाल्या, "अगं, स्क्रीनवर काय बघतेस, कार्ड बघ ना." जिन्याखाली लाकडी ड्रॉवरचं कपाट आहे, सगळ्यांना वाटतं ते शोभेचं आहे. त्यात महाराष्ट्र शासन या नावाखाली खातेवार कार्डं लावलेली, टाइपरायटरने टाइप केलेली, काहींवर शाईने दुरुस्ती, मधोमध सळई गेलेली त्यामुळे कार्ड बाहेर येत नाही, नंबर उभ्या उभ्याच लिहून घ्यावा लागतो. तिथे मला ग्रामविकासाचे अहवाल, प्रशासन अहवाल, जिल्हा परिषदांच्या कामकाजावरचे अहवाल असं एवढं मिळालं की माझ्या दुसऱ्या चॅप्टरचा ढाचाच बदलला. नंबर घेऊन मॅडमकडे गेले तर त्यांनी एका काकांना हाक मारली आणि काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन तळमजल्यावर घेऊन गेले, कुलूपबंद कपाट उघडलं आणि कोणता गठ्ठा कुठल्या सालचा हे त्यांना कार्ड न बघता माहीत होतं. काका रिटायर व्हायला आलेत. त्यांच्या डोक्यातली ही माहिती कोणीतरी लिहून घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं, मी मॅडमना तसं बोललेपण.

कागदाची अवस्था मात्र बघवत नाही. १९६० आणि ७० च्या दशकातले सरकारी अहवाल साध्या कागदावर छापलेत, पानं पिवळी होऊन कडा तुटतात, पान उलटताना तुकडा हातात येतो. झेरॉक्सला परवानगी नाही आणि ते बरोबरच आहे, मशीनवर पालथं दाबलं की बाइंडिंग गेलं. मोबाईलने फोटो काढू देतात, अर्ज लिहून. फोटो काढताना आधी मुखपृष्ठ, मग आतलं प्रकाशनाचं पान आणि मगच हवी ती पानं काढा, आणि पानाचा नंबर फ्रेममध्ये येतोय ना बघा, नाहीतर थिसिस लिहिताना संदर्भ द्यायची वेळ आली की पुन्हा चक्कर.

संसदेच्या चर्चांसाठी लायब्ररीत बाउंड व्हॉल्यूम आहेत पण मधले मधले गायब, आणि इथे मी सांगेन की पार्लमेंट डिजिटल लायब्ररी ऑनलाईन आहे तीच वापरा. फक्त अट तीच, कागद कोणत्या नावाने छापला गेला ते माहीत हवं. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ती ७३ वी घटनादुरुस्ती म्हणून शोधलं तर १९९१ चं काही मिळणार नाही, कारण सप्टेंबर १९९१ मध्ये लोकसभेत मांडलं तेव्हा ते बहात्तरावं घटनादुरुस्ती विधेयक होतं, ते नथुराम मिर्धांच्या संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर १९९२ मध्ये पास झालं आणि कायदा झाला तेव्हा त्याचा क्रमांक ७३ झाला, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून. त्याच्या आधीचं राजीव गांधींच्या काळातलं १९८९ चं विधेयक चौसष्टावं, ते राज्यसभेत पडलं. म्हणजे एकाच गोष्टीचे तीन नंबर, आणि महिलांच्या आरक्षणावर कोण काय बोललं हे बघायचं तर तिन्ही बघावे लागतात. संविधान सभेचं त्यामानाने सोपं आहे, चर्चांचे १२ खंड, आमच्याकडे पूर्ण सेट आहे आणि ऑनलाईनही आहे. गावपंचायतीवरचा वाद बघायचा असेल तर सातवा खंड काढा, ४ नोव्हेंबर १९४८ चं डॉ. आंबेडकरांचं भाषण आणि पुढे २२ नोव्हेंबरची, नंतर कलम ४० झालेल्या ग्रामपंचायतींच्या तरतुदीवरची चर्चा. ही दोन्ही सलग बसून वाचा, कोणाच्या तरी पुस्तकातलं चार ओळींचं उद्धरण वाचून लिहू नका प्लीज. आंबेडकरांनी खेड्याबद्दल नक्की काय म्हटलं आणि त्यावर बाकी सदस्य किती चिडले हे पूर्ण वाचल्यावरच समजतं.

ई-रिसोर्सेस. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे देशभरातल्या सरकारी संस्थांना एकाच वर्गणीत जर्नल्स देणारी योजना, सुरू झाल्यापासून फरक पडलाय, हे मान्य करायलाच पाहिजे. केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी ठेवलेत, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० जर्नल्स, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे युनिव्हर्सिटी लायब्रऱ्यांसाठीचं केंद्र ते सांभाळतं. आपल्या कामाचं म्हणजे सेज, टेलर अँड फ्रान्सिस, केंब्रिज, ऑक्सफर्ड हे सगळे त्यात आहेत. स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स हे लोकनीती या निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या गटाचं जर्नल सेजकडेच आहे, इंडियन जर्नल ऑफ पब्लिक अॅडमिनिस्ट्रेशन पण सेजवर. पूर्वी लेखाचा फक्त सारांश दिसायचा आणि पुढे पैसे मागायचे, आता पूर्ण पीडीएफ उघडते. पण ही सोय सरकारी व्यवस्थापनातल्या संस्थांना आहे, खाजगी अनुदानित कॉलेजमधल्या मुलांनी आपल्या लायब्रेरियनकडे एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ई-जर्नल आणि ई-बुक योजनेचं, लॉगिन मागावं, ते बऱ्याच कॉलेजकडे असतं आणि मुलांना कोणी सांगतच नाही.

ईपीडब्ल्यू, म्हणजे इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली, याबद्दल वेगळं सांगते कारण आपल्याकडे राजकारणावर लिहिणाऱ्याला ते टाळता येत नाही. आमच्या लायब्ररीत बाउंड व्हॉल्यूम आहेत आणि मी मुद्दाम तेच चाळते, कारण ऑनलाईन सर्चमध्ये आपण शोधला तेवढाच लेख मिळतो, आणि व्हॉल्यूममध्ये त्याच आठवड्याची टिपणं, पत्रं, महाराष्ट्राच्या राजकारणावरचं बारीकसारीक सगळं दिसतं. १९४९ पासून इकॉनॉमिक वीकली, ते १९६५ अखेर बंद झालं आणि ऑगस्ट १९६६ मध्ये सचिन चौधरींनीच इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली सुरू केलं, म्हणून मधले महिने रॅकवर नाहीत म्हणून लायब्ररीला दोष देऊ नका, अंक निघालेलेच नाहीत. जेस्टोरवर, म्हणजे जर्नल्सच्या ऑनलाईन संग्रहावर, ईपीडब्ल्यू आहे, इंडियन जर्नल ऑफ पॉलिटिकल सायन्सही आहे, आणि कॉलेजचं लॉगिन नसलं तरी जेस्टोरचं स्वतःचं फ्री अकाउंट काढून महिन्याला ठराविक लेख ऑनलाईन वाचता येतात.

शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी थिसिसच्या ऑनलाईन संग्रहावर, मराठी थिसिस भरपूर आहेत. दर्जा खूप कमीजास्त आहे, हे स्पष्ट सांगते, पण वापरायची एक पद्धत आहे. चॅप्टर वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात, आधी संदर्भसूचीची पीडीएफ उघडायची. एखाद्याने त्या जिल्ह्याच्या प्रशासन अहवालांचा संदर्भ दिला असेल तर म्हणजे ते कुठेतरी आहेत, आणि त्याने प्रस्तावनेत कोणत्या लायब्ररीचे आभार मानलेत ते वाचायचं, बस, पत्ता मिळाला. स्कॅन केलेल्या मराठी पीडीएफमध्ये शब्द शोधून सापडत नाहीत, डोळ्यांनीच वाचायचं.

निवडणुकीच्या आकड्यांसाठी लायब्ररीत येऊच नका. निवडणूक आयोगाच्या साइटवर १९५१-५२ पासूनचे स्टॅटिस्टिकल रिपोर्ट आहेत आणि अशोका युनिव्हर्सिटीच्या त्रिवेदी सेंटरचं लोकढाबा १९६२ पासूनचे लोकसभा आणि विधानसभेचे निकाल थेट डाउनलोड करायला देतं. एवढं लक्षात ठेवा की २००८ च्या पुनर्रचनेनंतर मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, म्हणून २००४ आणि २००९ मध्ये मतदारसंघाचं नाव तेच दिसलं तरी गावं तीच आहेत असं धरू नका. आणि जिल्हा परिषद, पंचायत समितीचे निकाल यात येत नाहीत, त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, जुन्या निकालांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाची निवडणूक शाखा आणि त्या काळातले स्थानिक पेपर, दुसरा रस्ता नाही.

आता तक्रारी. मराठी पुस्तकांचा कॅटलॉग हा सगळ्यात मोठा त्रास आहे. काही नोंदी देवनागरीत, काही इंग्रजी अक्षरांत, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिताना प्रत्येकाने आपल्या मनाने लिहिलंय. पंचायतराज जोडून, पंचायत राज तोडून, पंचायती राज, तिन्ही वेगवेगळे निकाल देतात. लेखकाचं आडनाव देशपांडे असेल तर संपलंच. मी आता आडनाव सोडून प्रकाशक आणि वर्ष टाकून शोधते. समाज प्रबोधन पत्रिका, नवभारत अशी नियतकालिकं, ज्यात महाराष्ट्राच्या राजकारणावर खरं सकस लिखाण झालंय, त्यांचे अंक लायब्ररीत आहेत पण आतल्या लेखांची सूची नाही, त्यामुळे अनुक्रमणिका बघत एकेक अंक चाळायचा. करा पण, खरंच करा, इंग्रजीत न आलेलं खूप काही तिथे आहे. मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकांना संदर्भात जागा मिळत नाही याचं अर्धं कारण म्हणजे ते सापडतच नाहीत, आणि सापडत नाहीत कारण कोणी सूची केली नाही. युनिव्हर्सिटीने डिपार्टमेंटच्या मुलांना घेऊन हे काम करावं, एका वर्षात उभं राहील.

घरून लॉगिनचं म्हणाल तर ते कागदावर आहे. अर्ज दिला, मेल केला, पासवर्ड आला, पण लॉगिन झाल्यावर प्रकाशकाच्या साइटवर पुन्हा पैसे मागतं, आणि फोन केला की सांगतात कॅम्पसवर येऊन बघा. गावाकडून रिसर्च करणाऱ्या, नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्या, लहान मूल असणाऱ्या बायकांनी काय करायचं? हे लवकर सुधारायला हवं, तांत्रिक अडचण फार मोठी नाहीये, इन्फेडची, म्हणजे संस्थेच्या लॉगिनने बाहेरून जर्नल्स उघडायची, सोय आहेच, कोणीतरी बसून पूर्ण करायची गरज आहे.

रीडिंग हॉलमध्ये जागा मिळणं कठीण, सकाळी सातला स्पर्धा परीक्षेवाल्या मुलांच्या बॅगा लागलेल्या असतात. त्यांचा राग नाही, त्यांना दुसरीकडे महिन्याचे पैसे भरून अभ्यासिका लावावी लागते. पण जाड व्हॉल्यूम उघडून बसायला टेबल नसेल तर रिसर्चवाल्याने जायचं कुठे, म्हणून रेफरन्स सेक्शनमधली चार टेबलं तरी राखून ठेवावीत.

आमच्याकडे जे मिळालं नाही त्यासाठी पुण्यात दोन जागा. गोखले इन्स्टिट्यूटची धनंजयराव गाडगीळ लायब्ररी, डेक्कनला, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचा वारसा असलेली, जुनी सरकारी प्रकाशनं तिथे अफाट आहेत आणि बरीच जुनी पुस्तकं त्यांनी स्कॅन करून ऑनलाईन टाकलीत. आणि बाणेर रोडची यशदा, म्हणजे राज्य सरकारची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था, पंचायत राजसाठी. मुंबईत राहणाऱ्यांना एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. अलीकडच्या गोष्टींसाठी शासन निर्णयांची वेबसाइट बघा, विभाग आणि तारीख टाकून शोधा, विषयाचे शब्द टाकून नको, आणि प्रत्येक निर्णयाचा संकेतांक उतरवून घ्या म्हणजे पुन्हा लगेच सापडतो. २०११ मध्ये महिलांचं आरक्षण एक तृतीयांशवरून निम्मं झालं त्यानंतरचे बरेचसे कागद मला असे घरबसल्या मिळाले.

बाहेरच्या युनिव्हर्सिटीतून येणार असाल तर आपल्या विभागप्रमुखांचं लेटरहेडवरचं पत्र, आयडी आणि गाईडची सही असलेला विषयाचा कागद घेऊन या, पत्रात सरकारी प्रकाशनं आणि दुर्मिळ ग्रंथ बघायची परवानगी असं स्पष्ट लिहून आणा, नाहीतर फक्त रीडिंग हॉलचा पास मिळतो आणि खालचं कपाट उघडत नाहीत. मंगळवार ते गुरुवार सकाळी या. शनिवारी रेफरन्स सेक्शन अर्धा दिवसच असतो, आणि एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षांच्या काळात काका बऱ्याचदा दुसऱ्या ड्युटीवर असतात, त्यामुळे तेव्हा येणार असाल तर आधी फोन करून विचारा.